आजोबांच्या गोळ्या आणि हृदयाचा हिशेब



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मावळात भाताच्या लावण्या चालल्या होत्या. त्या दिवसांत आमच्या महाविद्यालयातली हजेरी निम्म्यावर येते, कारण निम्मी मुले घरच्या खाचरात उभी असतात. अकरावीतला असाच एक विद्यार्थी पंधरा दिवसांनी वर्गात आला. तास संपल्यावर तो प्रयोगशाळेतच रेंगाळला. मग त्याने दप्तरातून एक पिशवी काढली आणि टेबलावर उपडी केली. आत गोळ्यांच्या पंचवीस-तीस पट्ट्या होत्या, बहुतेक रिकाम्या.

"सर, आजोबा गेले," तो म्हणाला. "लावणी करताना खांदा आणि जबडा दुखायला लागला. वात असेल म्हणून त्यांनी ह्यातलीच एक गोळी घेतली आणि पडून राहिले. तासाभराने घाम फुटला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. गुडघ्यासाठी ते चार वर्षं ह्या गोळ्या रोज घेत होते. गावात सगळे म्हणतात, गोळ्यांनीच हृदय बंद पाडलं. खरं आहे का, सर?"

मी भौतिकशास्त्र शिकवतो. मी डॉक्टर नाही, आणि तसे त्याला सांगितलेही. पण त्याचा प्रश्न विज्ञानाचाच होता. एका घटनेमागून दुसरी घडली, म्हणजे पहिलीने दुसरी घडवली असे म्हणता येते का? आणि येत असेल, तर कशाच्या बळावर? मी त्याच्याकडून आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत वाचून आणि डॉक्टर मित्रांना विचारून जे समजले, ते आज तुम्हांला सांगतो.

एक वॅटचा पंप

आधी हृदय म्हणजे काय ते पाहू. मुठीएवढा हा स्नायूंचा पंप मिनिटाला सुमारे ७२ वेळा, म्हणजे दिवसाला एक लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. दिवसाचे झाले ७,२०० लिटर.

हे रक्त किती दाबाने ढकलले जाते? डॉक्टर 'रक्तदाब १२०' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ १२० मिलिमीटर उंचीच्या पाऱ्याच्या स्तंभाएवढा दाब. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून पाण्याच्या भाषेत तो सुमारे १.६ मीटर उंचीचा स्तंभ होतो. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी नळांतून घाट उतरून खोपोलीच्या वीजघरात जाते. ते जवळजवळ ५०० मीटर खाली कोसळते. त्यापुढे हृदयाचा दाब अगदीच मामुली वाटेल. आता शक्ती काढू. सरासरी दाब १०० मिलिमीटर पारा धरला, तर तो होतो सुमारे १३,३०० पास्कल. त्याला दर सेकंदाच्या प्रवाहाने गुणले की उत्तर येते सुमारे १.१ वॅट. एखाद्या लहानशा विजेरीच्या दिव्याएवढी ही शक्ती! मात्र हा दिवा सत्तर-ऐंशी वर्षे क्षणभरही विझून चालत नाही.

नळी अरुंद झाली तर

सगळ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या ह्या स्नायूला स्वतःलाही रक्त लागते. ते हृद्‌रोहिण्यांतून मिळते. पेन्सिलीपेक्षाही बारीक अशा ह्या नळ्या. वय, तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातले जादा कोलेस्टेरॉल ह्यांमुळे त्यांच्या भिंतींत मेदाचे थर साचतात व नळी अरुंद होते.

नळी थोडी अरुंद झाली तर काय बिघडले, असे तुम्हांला वाटेल. एकोणिसाव्या शतकात प्वाझय ह्या फ्रेंच वैद्याने बारीक नळ्यांतून द्रव कसा वाहतो ते मोजले. त्याला आढळले, की दाब तोच ठेवला तर प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह निम्मा होत नाही; तो सोळाव्या हिश्शावर येतो. रक्त आणि रोहिणी ह्यांना हा नियम तंतोतंत लागू पडत नाही. पुढच्या लहान वाहिन्या रुंदावून शरीर बराच काळ ही तूट भरून काढते. म्हणूनच बसलेल्या माणसाला काही जाणवत नाही. तोच माणूस लोहगड चढू लागला किंवा चिखलात वाकून लावणी करू लागला, की स्नायूची मागणी वाढते, पुरवठा अपुरा पडतो आणि छाती भरून येते.

खरा घात मात्र पुढे होतो. मेदाच्या थराला एखादे दिवशी तडा जातो. शरीराला वाटते, जखम झाली. तेथे रक्तपट्टिका, म्हणजे डेंग्यूच्या साथीत ज्यांना आपण 'प्लेटलेट्स' म्हणतो त्या, धावून येतात आणि गुठळी करतात. बोट कापल्यावर जीव वाचवणारी हीच क्रिया येथे नळी बंद करते. पुढचा स्नायू रक्तावाचून मरू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका. दुखणे नेहमी छातीतच असते असे नाही. खांदा, डावा हात, जबडा, पाठ, पोटाचा वरचा भाग, कोठेही ते जाणवते. सोबत घाम, मळमळ, धाप असू शकते. अशा वेळी 'पित्त असेल, वात असेल' म्हणून पडून राहू नये. १०८ क्रमांकाला दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. स्नायू मिनिटामिनिटाने मरत असतो.

गुडघ्याची गोळी हृदयापर्यंत कशी पोचते?

पिशवीतल्या पट्ट्यांवर नाव होते डायक्लोफेनॅक. हे नाव तुम्ही दुसऱ्या संदर्भात ऐकले असेल. जनावरांना हे औषध देत, आणि मेलेली जनावरे खाऊन आपल्या देशातली गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. म्हणून भारतात २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसांसाठी मात्र ते वेदनाशामक म्हणून अजून वापरात आहे.

अशी औषधे काम कशी करतात हे १९७१ साली जॉन वेन ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवले. त्यासाठी १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपल्या पेशींत 'कॉक्स' नावाचे विकर असते. त्याच्यामुळे वेदना आणि सूज वाढवणारी रसायने तयार होतात. गोळी ह्या विकराला अडवते व दुखणे थांबते. पण हेच विकर इतर कामेही करते. त्याचे दोन प्रकार आहेत. रक्तपट्टिकांमधले कॉक्स-१ 'थ्रॉम्बॉक्सेन' बनवते. ते गुठळीला चालना देते. रक्तवाहिनीच्या अस्तरात मुख्यतः कॉक्स-२ च्या मदतीने 'प्रोस्टासायक्लिन' बनते. ते गुठळीला अटकाव करते आणि वाहिनी रुंद ठेवते. निरोगी माणसात ह्या दोघांचा तराजू समतोल असतो.

आता एखाद्या गोळीने कॉक्स-२ लाच अधिक अडवले, तर? अटकाव करणारे पारडे हलके होते आणि तराजू गुठळीच्या बाजूला झुकतो. शिवाय ह्या गोळ्यांमुळे शरीरात मीठ व पाणी साठते आणि रक्तदाब चढतो. म्हणजे गोळीने हृदयाला इजा होऊ शकते, ह्याला रसायनशास्त्रात आधार आहे. पण 'होऊ शकते' आणि 'होते' ह्यांत अंतर आहे. ते अंतर मोजूनच पार करावे लागते.

नाणेफेकीचा न्याय

मोजायचे कसे? गोळी घेणाऱ्या हजार माणसांत आणि न घेणाऱ्या हजार माणसांत झटके किती आले हे पाहावे, असे कोणीही म्हणेल. पण गुडघ्याची गोळी कोण घेतो? ज्याचे वय झाले, वजन वाढले, चालणे थांबले तो. त्याला झटका येण्याचा धोका गोळीवाचूनही जास्तच. मग दोष गोळीचा की वयाचा?

ह्यावर शास्त्रज्ञांनी शोधलेली युक्ती साधी आहे. गोळी कोणाला द्यायची हे माणसाने ठरवायचे नाही, नाणेफेकीसारख्या यदृच्छेने ठरवायचे. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला कोणती मिळाली हे रुग्णाला कळू द्यायचे नाही आणि डॉक्टरलाही नाही. माणसे पुरेशी असली, की वय, वजन, तंबाखू सगळे दोन्ही गटांत सारखे वाटले जाते. फरक उरतो तो फक्त गोळीचा.

रोफेकॉक्सिब हे कॉक्स-२ अडवणारे औषध १९९९ साली बाजारात आले. जुन्या गोळ्यांपेक्षा ते पोटाला कमी त्रास देते, हा त्याचा मोठा गुण. पुढे ते मोठ्या आतड्यातल्या गाठी पुन्हा होणे टाळते का, हे पाहण्यासाठी एक चाचणी झाली. खरी गोळी घेणारे १,२८७ आणि औषध नसलेली गोळी घेणारे १,२९९. पहिल्या गटात झटका, पक्षाघात अशा गुठळीच्या घटना ४६ जणांना झाल्या, दुसऱ्या गटात २६ जणांना. ३० सप्टेंबर २००४ रोजी मर्क कंपनीने हे औषध जगभरातून परत घेतले. भारत सरकारने त्याच वर्षी डिसेंबरात त्यावर बंदी घातली.

ह्या आकड्यांकडे नीट पाहा. गोळी घेतली नसती तरी पहिल्या गटातल्या सुमारे २६ जणांना त्रास झालाच असता, कारण दुसऱ्या गटात तेवढा झाला. म्हणजे गोळीमुळे वाढलेले सुमारे २०. पण ४६ जणांतले ते २० कोण? हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. त्यांच्या कपाळावर तसे लिहिलेले नसते. गटाबद्दल विज्ञान ठामपणे बोलते. एका माणसाबद्दल ते फक्त शक्यता सांगते.

डायक्लोफेनॅकचे काय? २०१३ साली अशा शेकडो चाचण्यांची एकत्र बेरीज प्रसिद्ध झाली. हे औषध मोठ्या मात्रेत वर्षभर घेणाऱ्या दर हजार माणसांमागे हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना सुमारे ३ ने वाढल्या, आणि त्यांतली एक प्राणघातक होती. ज्याचे हृदय आधीच दुखावलेले आहे, त्याला धोका अधिक. चार दिवस दाढ दुखली म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी आणि चार वर्षे स्वतःच्या मनाने घेतलेली गोळी, ह्यांचा हिशेब एक नव्हे.

घाटातली गाडी आणि हृदयाची वीज

औषध हृदयाला आणखी एका वाटेने त्रास देऊ शकते. ही वाट विजेची. प्रत्येक ठोक्याआधी हृदयाच्या स्नायूतून विजेची एक लाट जाते. लाट गेल्यावर पेशींतून पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात आणि पेशी पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होते.

कर्जतहून लोणावळ्याला येताना बोरघाटात गाडी सिग्नलला थांबलेली तुम्ही अनुभवली असेल. पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागच्या गाडीला हिरवा दिवा मिळत नाही. टप्पा मोकळा व्हायला उशीर लागला आणि त्यातच दुसरी गाडी घुसली, तर अनर्थ होईल. हृदयातही तसेच आहे. काही औषधे पोटॅशियमची वाट अडवतात, पेशीचा 'टप्पा' उशिरा मोकळा होतो, आणि मध्येच आलेला ठोका सगळी लय विस्कटून टाकतो. हृदय पंपासारखे चालायचे सोडून नुसते थरथरते. सिसाप्राइड हे पोटाच्या तक्रारींसाठी दिले जाणारे औषध ह्याच कारणाने भारतात २०११ साली बंद झाले. पोटाची गोळी आणि हृदयाचा घात! वरवर पाहता संबंध कोणाच्या ध्यानातही आला नसता.

ह्याहूनही विलक्षण धडा १९८९ साली मिळाला. झटक्यातून वाचलेल्या रुग्णांच्या हृदयात पुष्कळदा अवेळी ठोके पडतात, आणि असे रुग्ण अचानक दगावण्याची भीती अधिक असते. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे अवेळी ठोके उत्तम थांबवत. आलेख सुंदर दिसे. मग रुग्ण वाचत असणारच, असे सगळ्यांनी धरून चालले होते. अमेरिकेत नाणेफेकीच्या पद्धतीने चाचणी घेतली तेव्हा औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ मरण पावले, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. चाचणी मध्येच थांबवावी लागली. आलेख सुधारला होता; माणसे मात्र अधिक मेली. तर्क कितीही सुबक असो, त्याला मोजमापाच्या कसोटीवर उतरावेच लागते.

औषधांचे उपकार

हे वाचून औषधे म्हणजे विषच असे कोणी समजू नका. आपल्या महाराष्ट्रातलीच दोन उदाहरणे देतो.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी सर्पगंधा ह्या वनस्पतीचा प्रयोग उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर केला आणि त्याचे निष्कर्ष १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. रक्तदाबावर भरवशाचे औषध तेव्हा जवळजवळ नव्हते. जगाचे लक्ष ह्या वनस्पतीकडे गेले, १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे झाले, आणि १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे ध्यानात आले, की ह्या औषधाने काही रुग्णांचे मन खिन्न होते. मग त्याची मात्रा घटवली गेली, आणि अधिक चांगली औषधे आल्यावर ते मागे पडले. झाडपाल्याचे म्हणून औषध निर्धोक ठरत नाही, आणि दोष सापडला म्हणून त्याचे उपकार पुसले जात नाहीत.

दुसरे उदाहरण तर लोणावळ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलच्या वाटेवरचे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि देशात पेनिसिलीन बनू लागले. पेनिसिलीनचा हृदयाशी काय संबंध? तुमच्याच वयाच्या मुलांना एका विशिष्ट जंतूमुळे घसादुखी होते. तिच्याकडे दुर्लक्ष झाले, तर काहींना सांधे सुजवणारा ताप येतो आणि त्यात हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. वेळेवर दिलेले पेनिसिलीन हे टाळते. एकदा असा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे, पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते. ते घेण्याचा कंटाळा हाच तेथे खरा धोका.

आजीचा प्रश्न

आठ दिवसांनी मी त्या मुलाबरोबर त्याच्या घरी गेलो. ओटीवर आजी बसल्या होत्या. मुलगा हळूच म्हणाला, "सर, आजीनं तिच्या गोळ्या बंद केल्यात." चौकशी केली तेव्हा माझ्या काळजात चर्र झाले. दोन वर्षांपूर्वी आजींच्या हृद्‌रोहिणीत जाळी बसवली होती. त्यांच्या दोन गोळ्या होत्या, एक रक्तदाबाची आणि दुसरी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन. आजोबा गेल्यापासून दोन्ही बंद.

"मास्तर, गोळ्यांनीच ह्यांना नेलं," आजी म्हणाल्या. "मी आता एकबी गोळी तोंडात घालनार न्हाई."

मित्रांनो, गंमत पाहा. अ‍ॅस्पिरिनही वेदनाशामकांच्याच कुळातली. तीही त्याच कॉक्स विकराला अडवते. पण अगदी लहान मात्रेत ती मुख्यतः रक्तपट्टिकांतले कॉक्स-१ निकामी करते. रक्तपट्टिकेला केंद्रक नसते, त्यामुळे तिला नवे विकर बनवता येत नाही. ती आठ-दहा दिवस जगते तोवर तशीच राहते. अस्तरातल्या पेशी मात्र नवे विकर बनवून घेतात. तराजू गुठळीच्या विरुद्ध बाजूला झुकतो. आजोबांच्या गोळीला ज्या विज्ञानाने संशयित ठरवले, तेच विज्ञान आजीच्या गोळीला राखणदार ठरवते! अशी गोळी मनाने बंद केली तर गुठळीचा धोका पुन्हा वाढतो. रक्तदाबाच्या व हृदयाच्या काही गोळ्या एकाएकी थांबवल्या तर दाब उसळतो किंवा छातीतले दुखणे परतते.

एवढे सगळे मी आजींना सांगितले नाही. तराजूची गोष्ट तेवढी सांगितली. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मग ह्यांच्या गोळीनंच गेले का न्हाई ते?"

मी म्हणालो, "आजी, ते मला सांगता येणार नाही. आणि कोणालाच येणार नाही. ते चाळीस वर्षं विडी ओढत होते, रक्तदाब कधी मोजला नव्हता. गोळीनं भर घातली असेल, नसेलही. पण रोज घ्यायची गोळी डॉक्टरांना न विचारता घेत राहणं चूक होतं, एवढं नक्की. आणि न विचारता बंद करणं ही तशीच चूक."

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नातू त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेला. तपासणी झाली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

तुम्ही करून पाहा

पहिला प्रयोग : कार्ल्याच्या किंवा भाजे लेण्याच्या पायऱ्या चढण्याआधी आपली नाडी अर्धा मिनिट मोजा व दुप्पट करा. चढून गेल्यावर लगेच मोजा, आणि पुढे दर मिनिटाला, ती पूर्ववत होईपर्यंत मोजत राहा. आलेख काढा. मित्रांचे आलेख शेजारी ठेवून तुलना करा. ज्यांना धाप लागते किंवा हृदयाची तक्रार आहे, त्यांनी हा प्रयोग करू नये.

दुसरा प्रयोग त्याहून महत्त्वाचा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावाने एक कार्ड करा. औषधाचे नाव, मात्रा, कोणी लिहून दिले, कधीपासून, कशासाठी, असे रकाने आखा. गुडघ्याचे तेल, काढे, दुकानातून मागून आणलेल्या गोळ्या, सगळे लिहा. पट्टीवर 'आरएक्स' ही खूण असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचे असते. 'कोणी लिहून दिले' हा रकाना कोठे रिकामा राहतो ते पाहा. कार्ड पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा. औषधाचा काही दुष्परिणाम वाटला, तर त्यांना सांगाच. शिवाय भारत सरकारच्या औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ ह्या क्रमांकावर कोणालाही तो विनामूल्य कळवता येतो. अशा नोंदी एकत्र झाल्या की धोक्याची पहिली चाहूल लागते, आणि मग नाणेफेकीची कसोटी घेता येते.

आमच्या त्या विद्यार्थ्याने गावातल्या सव्वीस घरांची कार्डे केली. अकरा कार्डांवर तो रकाना रिकामा होता. ती अकरा कार्डे घेऊन तो मागच्या आठवड्यात तालुक्याच्या डॉक्टरांना भेटून आला. तुमच्या गावात किती निघतात?